मूत्रपिंडाच्या रोग्याचे हृदय

संस्थेच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘तूर व हरभरा यांच्या बाजारातील स्थित्यंतरे’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना आम्हास केली होती. तो विषय आमच्या हातचा होता. चाळीस वर्षे बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यांच्या थप्प्यांआडच आमचे आयुष्य गेले. तथापि गेली चार वर्षे आठवड्यातील तीन सकाळी आम्ही दुकानाच्या गादीवर नसतो. एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाबाहेरील बाकावर असतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणून ओळखते, त्यांची दोन्ही मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली आहेत. त्या बाकावर आमच्याच समाजातील व आमच्याच धंद्यातील इतकी परिचित माणसे भेटू लागली की, तुरीच्या भावापेक्षा हा विषय अधिक निकडीचा आहे असे वाटून आम्ही चिटणीसांकडून तो बदलून घेतला.

आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही. जे येथे मांडले आहे ते डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारून, चिरंजीवांकडून वाचून घेऊन व स्वतः पाहून जमविलेले आहे. औषधोपचाराचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. परंतु डॉक्टरांपुढे बसल्यावर कोणता प्रश्न विचारावा एवढे तरी घरच्या मंडळींस ठाऊक असावे, इतकाच या लेखाचा हेतू.

गोष्ट अशी झाली. जानेवारी २०२४ मध्ये अण्णांचा रक्तदाब डायलिसिस चालू असता मध्येच कोसळू लागला. दुकानाच्या माडीच्या पायऱ्या चढताना धाप लागे. छातीत मात्र दुखत नव्हते. स्ट्रेस थॅलियम नावाची तपासणी झाली, आणि हृदयाच्या एका भागास श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते असे निष्पन्न झाले. ज्या रुग्णालयात ही तपासणी झाली तेथे आम्हास सांगण्यात आले की, दोन दिवसांत अँजिओग्राफी करून लागल्यास त्याच वेळी स्टेंट बसवून टाकावा. पुतण्यांनी तत्काळ होकार भरला. आम्हीही मान डोलावली. नळी तुंबली आहे, ती मोकळी केली की पाणी वाहील, हा हिशेब व्यापाऱ्यास चटकन पटतो.

अडले ते वेगळ्याच ठिकाणी. अण्णांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आम्हा सर्वांस एकत्र बोलावून सांगितले, “घाई करू नका. इतर माणसाच्या हृदयाचा हिशेब या माणसास जसाच्या तसा लागू पडत नाही.” तो हिशेब वेगळा का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला उपयोगी नमुना विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या लहानशा गावी तयार केला. लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून ते पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरवायचे, अशी ती रचना होती. आरंभीचे बहुतेक सर्व रोगी दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची स्त्री प्रथम वाचली. परंतु हे यंत्र काही दिवसांच्या तात्पुरत्या अडचणीपुरतेच होते, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसविण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. त्यांचे पहिले रोगी क्लाइड शील्ड्स हे बोइंग कारखान्यातील कारागीर. जे काही आठवड्यांचे सोबती होते ते पुढे अकरा वर्षे जगले. आणि १९७१ साली त्यांना मृत्यू आला तो मूत्रपिंडाने नव्हे, तर हृदयविकाराच्या झटक्याने. जगातील पहिल्या दीर्घकालीन डायलिसिस-रोग्याची ही कथा पुढे हजारोंच्या बाबतीत खरी ठरली. १९७४ साली स्क्रिब्नर यांच्याच सहकाऱ्यांनी लिहून ठेवले की, या रोग्यांच्या रोहिण्या इतरांपेक्षा फार वेगाने खराब होतात. आजही डायलिसिसवरील रोग्यांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हृदय हेच आहे.

हे का घडते? तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हृदयरोहिणीत चरबीचे किटण आतल्या बाजूस साचते. मूत्रपिंडाच्या रोग्यात तेही असतेच. परंतु त्याखेरीज रोहिणीच्या भिंतीच्या मधल्या पदरात चुना भरतो. चुना हा आमचा शब्द. खतांच्या पोत्यांवर नत्र, स्फुरद व पालाश ही तीन नावे आपण वाचतो; त्यांपैकी स्फुरद व पालाश बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते थांबले की रक्तात स्फुरद साठते, ते हाडांतून कॅल्शियम ओढविते, आणि दोहोंचा मिळून जो क्षार बनतो तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने नळ जसा आतून दगडासारखा होतो, तसा प्रकार. अण्णांच्या हाताच्या एक्स-रेमध्ये मनगटाची रोहिणी हाडासारखी पांढरी उमटलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरे असे की, या रोग्यांचे हृदय केवळ नळ्यांमुळे दुखावत नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने त्याचा स्नायू जाड होतो, त्यातील अगदी बारीक रक्तवाहिन्या विरळ होतात. दोन डायलिसिसांच्या मध्ये पाणी व पालाश साठते, डायलिसिसमध्ये ते चार तासांत झपाट्याने काढले जाते. ही भरती-ओहोटी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. डायलिसिसवरील रोग्यांचे कित्येक मृत्यू अचानक होतात, आणि त्यांतील पुष्कळांचे मूळ तुंबलेल्या नळीत नसून बिघडलेल्या लयीत असते. स्टेंट ही मोठ्या नळीची दुरुस्ती आहे. लयीवर, जाड स्नायूवर वा बारीक वाहिन्यांवर तिचा इलाज चालत नाही.

ही गोष्ट केवळ तर्काने मांडलेली नाही. तिची परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक देशांत, आणि त्यांत भारतातील रुग्णालयांतही, एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. इस्केमिया-सीकेडी हे त्याचे नाव. मूत्रपिंडे फार बिघडलेले ७७७ रोगी त्यात घेतले होते, आणि त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक डायलिसिसवर होते. सर्वांच्या तपासणीत, अण्णांप्रमाणेच, हृदयास रक्त कमी पडत असल्याचे दिसले होते. परंतु प्रकृती त्या घटकेस स्थिर होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटास औषधांबरोबरच अँजिओग्राफी व जरूर तर स्टेंट वा बायपास. दुसऱ्या गटास आधी केवळ औषधे, आणि औषधांनी भागलेच नाही तर अँजिओग्राफी. तीन वर्षांअखेर मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ३६.४ व दुसऱ्या गटात शेकडा ३६.७ असे आले. म्हणजे फरक नाहीच. उलट, पहिल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. आणि जे अद्याप डायलिसिसवर नव्हते त्यांच्यात मृत्यू किंवा डायलिसिसचा आरंभ यांचे प्रमाणही अधिक दिसले. छातीत दुखण्याचा त्रास कमी होऊन दिनक्रम सुधारला काय, हेही पाहिले गेले. तेथेही टिकाऊ असा फायदा दिसला नाही.

या प्रयोगावर आक्षेप घेणारे डॉक्टर आहेत, व त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पहिल्या गटातील सुमारे निम्म्याच रोग्यांस प्रत्यक्षात स्टेंट किंवा बायपास झाली. मग तिचा फायदा दिसणार कसा, असे ते विचारतात. परंतु आम्हास त्यातच एक धडा दिसला. तपासणीत दोष दाखविणाऱ्या रोग्यांपैकी कित्येकांच्या मोठ्या नळ्या अँजिओग्राफीत तितक्याशा तुंबलेल्या आढळल्याच नाहीत. नमुना पाहून संपूर्ण गाडीचा सौदा करणाऱ्यास यातील मर्म सांगणे नलगे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, अन्यथा या लेखाने हितापेक्षा अहित होईल. वरील निष्कर्ष स्थिर प्रकृतीच्या रोग्यांपुरते आहेत. ज्यास प्रत्यक्ष झटका आला आहे, ज्याच्या छातीतील कळ विश्रांतीतही थांबत नाही किंवा औषधांना दाद देत नाही, ज्याच्या डाव्या मुख्य रोहिणीतच दोष आहे, किंवा ज्याच्या हृदयाची पंप करण्याची शक्ती फार घटली आहे, असे रोगी त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. झटका आल्यास डायलिसिसच्या रोग्यासही तातडीची अँजिओप्लास्टी हाच आजही मान्य उपचार आहे. तेथे ‘मूत्रपिंड आहे, थांबा’ म्हणणे घातक. आमच्याच बाकावरील एका गूळव्यापारी गृहस्थांस गतवर्षी डायलिसिसच्या खुर्चीतच झटका आला. दोन तासांत त्यांची नळी मोकळी करण्यात आली, व आजही ते आमच्या शेजारी बसून गुळाच्या भावावरून वाद घालतात.

मात्र झटका ओळखणे येथे कठीण असते. मधुमेहाने नसा बोथट झालेल्या रोग्यास छातीत दुखतेच असे नाही. नुसती धाप, घाम, मळमळ, डायलिसिसमध्ये वारंवार कोसळणारा रक्तदाब, एवढ्यावरूनच संशय घ्यावा लागतो. रक्तातील ट्रोपोनिन नावाची जी तपासणी झटक्यासाठी करतात, ती या रोग्यांत एरवीही बहुधा वाढलेलीच असते. यास्तव काही तासांच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चढतो किंवा उतरतो काय हे पाहावे लागते. जुना अहवाल जवळ असल्यास तुलनेला फार उपयोगी पडतो.

आता स्टेंट बसविण्याचीच वेळ आली तर काय? चुन्याने कडक झालेल्या रोहिणीत फुगा नीट फुगत नाही व स्टेंट पुरता उघडत नाही. त्यासाठी हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेले, मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणारे एक बारीक यंत्र आत घालून चुना घासून काढतात. अलीकडे मुतखडा फोडण्याच्या धर्तीवर आघातलहरी सोडून तो चुना तडकविण्याची पद्धतही आली आहे. इतके करूनही या रोग्यांत स्टेंट पुन्हा आकसण्याचे प्रमाण अधिक असते. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ राखणारी दोन औषधे काही महिने घ्यावी लागतात. मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्त आधीच नीट गोठत नाही, त्यात डायलिसिसच्या वेळी हेपारिन दिले जाते; तेव्हा जठरातून वा अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोका हा केवळ कागदी नव्हे. बायपासची शस्त्रक्रिया अनेक नळ्या बिघडलेल्यांस दीर्घकाळ अधिक उपयोगी पडते असे काही जुन्या नोंदींवरून दिसते. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळचाच धोका या रोग्यांत इतरांहून बराच जास्त असतो.

अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याने उरलीसुरली मूत्रपिंडे बिघडतात, ही भीती ज्यांचे डायलिसिस अद्याप सुरू झालेले नाही किंवा ज्यांस अजून थोडीफार लघवी होते त्यांच्यासाठी खरी आहे. आणखी एक बारीकशी वाटणारी, पण महत्त्वाची बाब. हल्ली अँजिओग्राफी सर्रास मनगटातून करतात. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या बाबतीत मनगटाची रोहिणी राखून ठेवावी लागते, कारण आजची फिस्टुला बंद पडली तर उद्या तेथेच दुसरी करावयाची असते. म्हणून अशा रोग्याची अँजिओग्राफी बहुधा मांडीतून करणे इष्ट. आम्ही हे विचारले नसते तर कोणी आपण होऊन सांगितले असते असे वाटत नाही.

स्टेंटच्या किमतीचा प्रश्न पूर्वी फार मोठा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपये ठरविली. त्याआधी तीच वस्तू लाखाच्या घरात विकली जाई. भावबंदीच्या विरोधात आम्ही व्यापारी नेहमी बोलतो, पण येथे ती योग्य झाली असे आमचे मत आहे. असो. किंमत परवडते म्हणून वस्तू आवश्यक ठरत नाही, हेही तितकेच खरे.

ही सारी माहिती डॉक्टरांनी तासभर समजावून दिली, तरी घरातील पेच सुटला नाही. वहिनींनी आम्हास स्वयंपाकघरात बोलावून विचारले, “भाऊजी, उद्या यांना काही झालं, तर पेठेत लोक काय म्हणतील? घरात पैसा होता आणि भावानं खर्च केला नाही, असंच म्हणतील ना?” या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. आपल्या समाजात आजारी माणसावर पैसा ओतणे हे प्रेमाचे माप मानले जाते. न केलेल्या शस्त्रक्रियेची पावती कोणी दाखवू शकत नाही. आम्ही पुन्हा एकदा डॉक्टरांकडे जाऊन तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, “काही न करणे आणि औषधाने करणे यांत फरक आहे. तुम्ही दुसरी वाट घ्याल तर मी तुमच्याकडून खूप काही करवून घेणार आहे.” आणि त्यांनी खरोखरच करवून घेतले.

अण्णांनी मात्र सगळ्यांचे ऐकून घेऊन एकच विचारले, “ते करून आयुष्य वाढेल याची हमी आहे काय?” हमी नाही असे उत्तर येताच ते म्हणाले, “मग सौदा राहू दे.”

दुसरी वाट म्हणजे काय, ते आता सांगतो. तिचा पाया डायलिसिस हाच आहे. हृदयाचे औषध म्हणून जर एकच गोष्ट निवडावयाची झाली, तर ती वेळेवर, पूर्ण वेळ व सावकाश केलेले डायलिसिस, असे आता आमचे मत झाले आहे. ओली तूर वजनात भरते हे आपणास ठाऊक आहे. खरेदी करताना आपण ओलाव्याची तूट धरतो. डायलिसिसच्या रोग्याचेही तसेच ‘कोरडे वजन’ ठरविलेले असते. दोन डायलिसिसांच्या मध्ये जेवढे वजन वाढते ते सारे पाणी. ते काढण्याचा वेग ताशी दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरहून अधिक नसावा असे सांगतात. साठ किलोच्या माणसाचे चार तासांत या हिशेबाने तीन लिटरांहून थोडेसे अधिक पाणी निघेल. चार-साडेचार लिटर चढवून येणाऱ्याचे तेवढेच ओढून काढू गेले, तर रक्तदाब कोसळतो व हृदयाच्या स्नायूस त्या चार तासांत रक्त अपुरे पडते. जणू दर डायलिसिसला एक छोटी इजा. अण्णांचा कोसळणारा रक्तदाब निम्म्याहून अधिक या कारणाने होता. त्यांची वेळ चारऐवजी साडेचार तास केली, वजनवाढ अडीच किलोच्या आत आणली, आणि महिन्याभरात तो त्रास बराचसा थांबला.

याच संदर्भात आमच्या हातून घडलेला एक अपराध येथे नमूद करणे प्राप्त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सांगलीस नात्यातील एक लग्न शनिवारी होते. अण्णांचे वार मंगळवार, गुरुवार व शनिवार. “एक दिवस चुकला तर काय आभाळ कोसळते? मंगळवारी करू,” असे म्हणून आम्हीच त्यांस आग्रहाने नेले. गुरुवार ते मंगळवार, पाच दिवसांचे अंतर. त्यात लग्नघरातील जिलेबी, मठ्ठा आणि शेव. सोमवारी रात्री दीड वाजता अण्णा अंथरुणावर उठून बसले ते आडवे होईनात. श्वासाबरोबर छातीत खुळखुळ असा आवाज. मोटारीने रुग्णालयात नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. त्या रात्री ते वाचले हे आमचे भाग्य. पुढे समजले की, अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासून २०११ साली असे दाखविण्यात आले होते की, आठवड्यातील नेहमीच्या दोन दिवसांच्या सुटीनंतरचा दिवस हाच या रोग्यांस सर्वांत घातक असतो. मृत्यूंचा दर त्या दिवशी दर शंभर रोग्यांमागे वर्षास २२.१, तर इतर दिवशी १८ पडतो. नेहमीच्या सुटीचा हा हिशेब; आम्ही तर तिच्या दुप्पट सुटी घेतली होती. आपल्याकडे खर्चामुळे पुष्कळजण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करतात, त्यांनी पाण्या-मिठाची काळजी किती घ्यावी हे यावरून कळेल. गरीब रोग्यांसाठी २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला असून जिल्हा रुग्णालयांत ती सोय मिळते. आपल्या दुकानातील हमाल व दिवाणजी यांच्या कुटुंबांस ही माहिती अवश्य द्यावी.

मीठ हे पाण्याचे मूळ. लोणचे, पापड, सांडगे, फरसाण बंद झाल्याखेरीज तहान हटत नाही, आणि तहान लागलेल्या माणसास पाणी मोजून देणे ही घरच्या बाईवर शिक्षा होते. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकतात त्यात पालाशाचा क्षार असतो. निरोग्यास ते चालेल. डायलिसिसच्या रोग्यास ते हृदय बंद पाडण्याइतके घातक ठरू शकते. आमच्या शेजारच्या किराणा दुकानात ‘बी. पी. वाल्यांसाठी उत्तम’ म्हणून तेच पाकीट आम्हास दिले गेले होते. शहाळ्याचे पाणी, सुकामेवा, केळी यांचीही तीच कथा.

आमच्या धंद्याचा विषय म्हणून डाळींबद्दल दोन शब्द अधिक. डाळींत स्फुरद आहे म्हणून कित्येक रोगी डाळ पूर्ण वर्ज्य करतात व अशक्त होतात. वास्तविक धान्यातील व डाळींतील बरेचसे स्फुरद अशा स्वरूपात असते की मनुष्याच्या आतड्यास ते पुरते शोषता येत नाही. उलट पाकीटबंद खाद्ये व काळी शीतपेये यांत मिसळलेले स्फुरद जवळजवळ सारेच्या सारे अंगी लागते. तेव्हा आहारतज्ज्ञास विचारून माफक वरण घ्यावे, पालाश कमी करण्यासाठी डाळ भिजवून वरचे पाणी टाकावे, आणि बाटलीकडे मात्र वळू नये. स्फुरद बांधून ठेवणाऱ्या ज्या गोळ्या देतात त्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यावयाच्या असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपल्या घरांत त्या ‘रात्रीच्या गोळ्या’ म्हणून एक तर राहून जातात किंवा नंतर निष्फळ घेतल्या जातात. अण्णांच्या बाबतीत वर्षभर हेच चालले होते. डॉक्टरांस आपली जेवणाची वेळ सांगितली की ते चिठ्ठीत तसा बदल करून देतात. पर्वातील उपवासाबद्दलही आधीच विचारावे. पारण्याचे खजूर, बेदाणे व मुगाचे पाणी आणि मधुमेहाचे इन्सुलिन, दोन्हींचा मेळ बसवावा लागतो.

औषधांविषयी आम्ही फार लिहीत नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधे इतर हृदयरोग्यांत उत्तम गुण देतात, परंतु डायलिसिस चालू झाल्यावर ती नव्याने सुरू केल्यास फारसा लाभ होत नाही, असे जर्मनीतील २००५ च्या व त्यानंतर २००९ च्या आणखी एका मोठ्या प्रयोगात आढळले. आधीपासून चालू असतील तर ती सहसा चालू ठेवतात. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या औषधांपैकी काही, जसे ॲटेनोलॉल व मेटोप्रोलॉल, डायलिसिसच्या यंत्रातून गळून जातात, तर कार्व्हेडिलॉल फारसे गळत नाही. म्हणून कोणती गोळी डायलिसिसच्या आधी व कोणती नंतर, हे लेखी घ्यावे. छातीतील कळीवर देतात ते रॅनोलाझिन मूत्रपिंड निकामी झालेल्यांस वर्ज्य आहे.

मूत्रपिंडरोपणाची ज्यांस आशा आहे त्यांचा विचार निराळा होतो. रोपणानंतर हृदयाचा धोका डायलिसिसवर राहण्यापेक्षा कमी होतो, म्हणून योग्य रोग्यास तीच उत्तम वाट. पूर्वी रोपणाआधी नळ्या मोकळ्या करून घेण्याचा प्रघात होता. वर सांगितलेल्या प्रयोगात प्रतीक्षायादीवरील रोग्यांचा वेगळा हिशेब मांडला तेव्हा त्यांच्यातही स्टेंट-बायपासचा फायदा दिसला नाही. उलट स्टेंट बसविल्यावर रक्त पातळ राखणारी औषधे चालू असेपर्यंत रोपण पुढे ढकलावे लागते. तथापि हा निर्णय रोपण करणाऱ्या चमूचाच असतो. अण्णांच्या वयास व प्रकृतीस रोपण मानवणार नाही असे सांगण्यात आले, त्यामुळे आमच्यापुढे तो प्रश्न उरला नाही.

जानेवारी २०२४ नंतर अण्णा एकदाच, फुप्फुसाच्या संसर्गासाठी, रुग्णालयात राहिले. माडीचा जिना त्यांनी सोडला. कीर्द खाली आणून देतो, ती ते तपासतात. अँजिओग्राफी झालेली नाही. पुढे कळ सुरू झाली किंवा औषधे पुरली नाहीत तर ती करावयाची, हे त्यांनी व डॉक्टरांनी मिळून ठरविलेले आहे. तो दरवाजा बंद केलेला नाही. वहिनींच्या सांगण्यावरून आम्ही एक कागद लिहून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावला आहे, कारण रात्री-अपरात्री घरात आम्ही असूच असे नाही. त्यावर अण्णांचे कोरडे वजन, डायलिसिसचे वार, चालू औषधे, मागील ट्रोपोनिनचा आकडा व मागील कार्डिओग्राम कोणत्या पिशवीत आहे ते लिहिले आहे. त्याखाली मोठ्या अक्षरांत: छातीत दुखल्यास, विश्रांतीतही धाप लागल्यास किंवा घाम सुटल्यास डायलिसिसच्या वाराची वाट न पाहता थेट हृदयाचे रुग्णालय गाठावे; डाव्या हातातून रक्त काढू देऊ नये, त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये; आणि मनगटातून तपासणी करण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांस दूरध्वनी करावा.